पंजा की काटे

९ मार्च

चि. बारकू यास,
अ. उ. आ.

आम्ही सगळे उभे आहोत, झाडं मात्र आडवी झाली. मंगळवारच्या वादळाने बागेच्या पश्चिमेची निलगिरीची अख्खी रांग झोडपून काढली. संत्र्यांना फारसा धक्का लागला नाही. वारा अडवायला लावलेल्या रांगेने आपलं काम चोख केलं आणि मार स्वतः खाल्ला. फाटकापासून पेट्यांच्या शेडपर्यंतची वाट आता फांद्यांनी गच्च भरली आहे, आणि त्यातल्या काही फांद्या माझ्या कमरेपेक्षा जाड आहेत. फळ उतरवायला सहा आठवडे उरलेत. तोवर वाट मोकळी झाली नाही तर लॉरी आत येणार नाही आणि वर्षभराचं फळ झाडाखाली सडेल.

ट्रॅक्टरला लोडर आहे, पण त्याच्या पुढे तीच जुनी बादली. तिने माती भरावी, खत भरावं. फांदी तिच्यात बसत नाही, आणि बसलीच तर पहिल्या खड्ड्याला बाहेर पडते. मला पंजा हवा आहे. वरून मिटणारा, ओझं मुठीत धरणारा, आणि एका माणसाला सीटवरून न उतरता चालवता येईल असा. तू दिवसभर हीच अवजारं जोडतोस, तेव्हा माझ्या ट्रॅक्टरला कुठला चालेल ते सांग.

एकट्याने कशाला, हे विचारू नकोस. पत्र टपालात टाकायला बाबाच जातात आणि पाकीट चिकटवायच्या आधी ते वाचतात, हे तुला नव्याने सांगायला नको. (बाबा, हे वाक्यही वाचा. नमस्कार.)

फोन का केला नाही, तर तुझ्या वहिनीचा हुकूम. आपण दोघं फोनवर तिसऱ्या मिनिटाला हमरीतुमरीवर येतो, म्हणून कामाचं बोलणं यापुढे कागदावर. तिचं म्हणणं असं की कागदावर भांडायला वेळ लागतो, तोवर राग निवतो. बघू.

उत्तर लवकर दे. राग असलाच तर तो वेगळ्या कागदावर लिही.

तुझा,
दादा


१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटाच्या कडेला बाबांच्या अंगठ्याएवढा डिंक होता, म्हणजे मजकूर तपासून आला आहे. झाडांचं वाचून वाईट वाटलं. त्या रांगेतली निम्मी रोपं मी बादलीने पाणी घालून जगवली होती.

आता कामाचं. तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे काटे: पुढे दोन लांब लोखंडी दांडे, फांदीखाली सरकवायचे आणि उचलायची. हलके, स्वस्त, मोडायला त्यात काही नाही. पण ओझं नुसतं वर ठेवलेलं असतं, धरलेलं नसतं, म्हणून बाजूला एक माणूस लागतो. दुसरा म्हणजे पंजा. खाली दात, वर मिटणारी झाकणं. फांद्या कशाही पडलेल्या असोत, तो गुंडाळून घेतो आणि सोड म्हणेपर्यंत सोडत नाही. पण तो स्वतःच अडीचशे किलोचा, म्हणजे लोडर जेवढं उचलतो त्यातलं तेवढं गेलं. शिवाय झाकणं मिटायला तेलाची वेगळी लाइन ओढावी लागते. पंप मिनिटाला किती तेल देतो ते त्याच्या पट्टीवर वाचून कळव. ट्रॅक्टरच्या मागे किती वजन बांधतोस तेही लिही, नाहीतर पुढे ओझं घेतलं की मागची चाकं हवेत जातील. आकडे आले की ठरवू.

आता बिनकामाचं. एकट्याने चालणारं अवजार तुला का हवं, हे विचारू नको म्हणालास, म्हणून विचारतो. आपल्या घरात हे काम कधी एकट्याने झालेलं नाही. एक वरचा, एक खालचा. वरचा सीटवर, खालचा पहार घेऊन फांदीशेजारी. एक शिट्टी म्हणजे उचल, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे खाली ठेव. वरच्याने हॉर्न दिला तर खालच्याने पळायचं. खालच्याने शिट्टी दिल्याशिवाय वरचा लिव्हरला हात लावत नाही. हे बाबांनी बसवलेलं, आणि ते चाळीस वर्षं स्वतः खाली उभे राहिले. मीही राहिलो. अकरा वर्षं राहिलो, आणि एकदा तरी मला सीटवर बसू दे म्हणून तुझ्या मागे लागलो. तू कधी बसवलं नाहीस. शेवटी मीच उठून इकडे आलो. आता बाबांनाही खालून उठवायचं मनात आहे का? पंजा आला की खालचा माणूस लागत नाही, एवढं मला धंद्यामुळे कळतं.

राग वेगळ्या कागदावर लिहिणार होतो, पण कागद एकच होता. वहिनीला नमस्कार, आणि बाबांना हे वाचून झाल्यावर नमस्कार.

आकड्यांची आणि तुझ्या मायेची वाट पाहणारा,
बारकू


२१ मार्च

चि. बारकू यास,
अ. उ. आ.

आकडे असे. पंप मिनिटाला बेचाळीस लिटर देतो. लोडर पूर्ण उंचीवर सातशे किलो उचलतो. मागे सिमेंटचा ठोकळा बांधतो, तो चारशे भरेल.

सीटची गोष्ट तू नऊ वर्षं चघळतो आहेस. तू सतरा वर्षांचा असताना चोरून ट्रॅक्टर काढून शेडची भिंत पाडली होतीस, हे सोयीने विसरतोस. त्यानंतर तुला बसवायला हवं होतं, हे मी मान्य करतो. मान्य करायला मला नऊ वर्षं लागली, हेही मान्य करतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आपला पीळ कुठून आला ते पत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

पण पंजाचं कारण ते नाही. या पाकिटात याहून जास्त लिहिता येत नाही. तू एवढंच कर, बाबांशी फोनवर शेवटचं सरळ बोलणं कधी झालं होतं ते आठव. आठवलं तर तुझं तुलाच कळेल. तुझ्या शब्दावर मी अवजार घेणार आहे, दुसऱ्या कोणाला विचारणार नाही. या एका बाबतीत तू माझ्याहून शहाणा आहेस.

तुझी वहिनी म्हणते, तू बारीक झाला असशील. आम्हाला आहेस तसा चालशील.

तुझा,
दादा


२२ मार्च

चि. बारकू,
अनेक आशीर्वाद.

फोनमध्ये मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून लिहितो. हे पत्र दादाला माहीत नाही आणि होऊ द्यायचं नाही.

तू त्याला लिहिलंस ते मी वाचलं. घरात एकाला तरी माझी कणव आहे, हे बरं वाटलं. तुझा दादा मनाचा वाईट नाही, पण तो मला बाजूला काढतो आहे. तुलाही त्याने असंच काढलं. आधी म्हणाला, बाबा, उन्हात नको. मग म्हणाला, ओल्या मातीत नको. आता म्हणतो पंजा आणतो, तुम्ही शेडमध्ये खुर्ची टाकून बसा. खुर्चीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ती बसतात आणि मग उठत नाहीत. तुझ्या आईला वैद्याने बसवलं, ती चार महिन्यांत गेली.

माझ्या हातात अजून पहार चालते. तोंडाने शिट्टी येत नाही, दात गेले, पण पत्र्याची शिट्टी गळ्यात बांधली आहे आणि ती फाटकापर्यंत जाते. मला अजून काय पाहिजे? सकाळी उठून उभं राहायला एक जागा.

तू कारागीर आहेस. तू म्हणालास की पंजा या ट्रॅक्टरला चालत नाही, तर तो मानेल. माझं तो मानत नाही. तुझं अजून मानतो. तेव्हा तू त्याला काटे दे. बापाने तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

वाचून झालं की फाडून टाक.

तुझा बाप


२८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आकडे पाहिले, आमच्या मोठ्या मिस्त्रींनाही दाखवले. पंजाचा नाद सोड. बेचाळीस लिटरमध्ये तो धड मिटणार नाही. अर्धवट मिटलेला पंजा ओझं हवेत असताना सुटतो, आणि ते सीटवरच्या माणसाच्या अंगावर येतं. नवा पंप बसवायचा तर तुझं फळ उतरून जाईल. दुधाची तहान ताकावर भागव आणि काटे घे.

काटे मीच बनवले आहेत. दोन रात्री त्यातच गेल्या. सव्वा मीटर लांब, टोकं निमुळती, मागे ओझं टेकायला जाळी. सोमवारच्या मालगाडीने निघतील. तीन गोष्टी पाळ. ओझं गुडघ्याच्या वर नेऊ नकोस. काटे किंचित मागे कललेले ठेव. आणि खालचा माणूस डोळ्यांना दिसत असल्याशिवाय लिव्हरला हात लावू नकोस.

बाबांच्या फोनचं आठवून पाहिलं. मागच्या वेळी मी काहीही विचारलं तरी ते तब्येत उत्तम, तब्येत उत्तम म्हणत राहिले. ओळीत खरखर होती. माणसाला त्याच्या हातचं काम राहू दे, दादा. तुला खालच्या माणसाचं मन कळत नाही, कारण तू कधी खाली उभा राहिला नाहीस.

सीटबद्दल तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. बरं वाटलं, पण एवढ्यात सांगणार नव्हतो.

काट्यांवर आणि माझ्यावर जरा भरवसा ठेव.

तुझा,
बारकू


५ एप्रिल

चि. बारकू यास,
अ. उ. आ.

काटे पोचले आणि बसले. जोड नीट पाहिले, एकही पुन्हा मारायची गरज नाही. असलं काम तुला येतं हे मला माहीत नव्हतं. शेजारचा बागवाला दोनदा येऊन हात फिरवून गेला आणि कोणी बनवले म्हणून विचारलं. माझ्या भावाने, असं सांगितलं. बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

चार दिवसांत वाट एक तृतीयांश मोकळी झाली. बाबा सकाळी माझ्याआधी तयार असतात, बूट चढवून, शिट्टी गळ्यात अडकवून. मी सावकाश घेतो. माझ्या मनाला अजून स्वस्थता नाही, पण पंप नाही म्हणतो तर नाही. तू म्हणालास, म्हणजे झालं.

बाबा हे पत्र वाचून खूश होतील. तूही हो.

सुट्टी मिळाली तर ये. सीटवर बस.

तुझा,
दादा


१९ एप्रिल

बारकू,

हे पत्र मी तालुक्याच्या दवाखान्यातून टाकतो आहे. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. वहिनी त्यांच्यापाशी आहे. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. जे लिहायचं ते कागदावर लिही.

दहा तारखेला झालं. शेडच्या वळणावरची मोठी फांदी, तिचं एक टोक दुसऱ्या दोन फांद्यांखाली अडकलेलं. बाबांनी पहार घातली, मागे सरले, एक शिट्टी दिली. मी उचललं. गुडघ्याच्या वर नाही. अडकलेलं टोक सुटलं आणि फांदी काट्यांवर फिरली. बाबांना वाटलं मोकळी झाली, ते पहार काढून घ्यायला पुन्हा पुढे वाकले, पाठ माझ्याकडे. मी हॉर्न दिला. तीन वेळा दिला, ओरडलो. ते वळले नाहीत. फांदी घरंगळून त्यांच्या पायावर आली.

ते वळले नाहीत, कारण त्यांना ऐकू येत नाही. उजव्या कानाने दीड वर्षापासून नाही, डाव्या कानाने पावसाळ्यापासून. घरात कोणी बोलायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी संत्र्यांच्या पेटीत टाकून दिलं. तुला लिहू म्हटलं तर पत्र त्यांच्या हातून जायचं. त्यांच्या पाठीमागून लिहायचं मला जमलं नाही, ही माझी चूक, आणि ती मी मरेपर्यंत बाळगीन. म्हणून मला पंजा हवा होता. त्यांचा मान राहावा, मी अवजाराची हौस केली असं दिसावं, आणि ते फांदीपासून लांब राहावेत.

आता तुझं. ट्रॅक्टर बाजूला घ्यायला गावातला मेकॅनिक आला होता. वेळ घालवायला मी त्याला सांगितलं की पंप लहान म्हणून पंजा लावता आला नाही. त्याने पट्टी वाचली आणि म्हणाला की या पंपावर पंजा आरामात चालतो, नुसता एक वॉल्व्ह आणि दोन पाइप लागतात. मला वाटलं त्याला कळत नाही. मग आणखी दोघांना विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं.

तुला कळलं नाही असं मी धरत नाही. ते काटे ज्याने बनवले त्याला कळत नाही असं होत नाही. तेव्हा खोटं का लिहिलंस, एवढंच लिही.

दादा


२३ एप्रिल

चि. बारकू,
आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं येतंय, पलंगावर लिहितो आहे. वहिनी खाली चहा आणायला गेली आहे. हे टपालात टाकायला मी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलीला देणार आहे.

दादाने तुला काय विचारलं आहे ते त्याने मला पाटीवर लिहून दाखवलं. आता माझ्याशी तो पाटीवरच बोलतो. तो फार चिडला आहे. मी त्याला म्हणालो की बारकूची समज कमी पडली असेल.

माझं पत्र फाडलंस ना? त्याला ते कळता कामा नये. तू म्हणशील, बाबा, खरं सांगा आणि मोकळे व्हा. पण विचार कर. मला उठवायला, बसवायला, आंघोळीला आता तोच आहे. उरलेलं आयुष्य मला त्याच्या डोळ्यांसमोर काढायचं आहे. मीच पंजा अडवला हे कळलं, तर तो माझं सगळं करील, पण माझ्याकडे बघणार नाही. मला ते सोसवणार नाही. तू तर तसाही लांब आहेस. नऊ वर्षं त्याच्याशिवाय काढलीस, तुला सवय आहे.

मी स्वार्थी आहे असं म्हण. पाय गेल्यावर माणूस जे उरलं त्याला धरतो.

तुझा बाप


३० एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याला चार दिवस झाले.

तू विचारलंस खोटं का लिहिलं. पंप पुरेसा होता. मला पहिल्या वाचण्यातच कळलं होतं. मोठ्या मिस्त्रींना मी काहीही दाखवलं नव्हतं.

कारण जुनंच आहे. अकरा वर्षं मला खाली उभं केलंस, आणि आता तुला खालचा माणूसच नको झाला, असं वाटलं. वाटलं, एकदा तुलाही नाही ऐकून बघू दे. माझ्या शब्दावर तू चालणार होतास, आणि तो अधिकार मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. तो मी असा वापरला. बाबांच्या फोनचं तू आठव म्हणालास. आठवलं, आणि खरखर म्हणून सोडून दिलं, कारण मला तसंच हवं होतं. यातलं एकही अक्षर खोटं नाही.

आपलेच दात आणि आपलेच ओठ असं लोक म्हणतात आणि विषय संपवतात. तू संपवू नकोस. रागावण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

पंजा शनिवारी निघतो आहे. दोन झाकणांचा आहे, एका बाजूला जाड फांदी आणि दुसऱ्या बाजूला बारीक असली तरी दोन्ही बाजूंनी पकडतो. वॉल्व्ह आणि पाइप सोबत बांधले आहेत, लाल खुणेचा पाइप वरच्या तोंडाला. मागचं वजन सहाशे कर. काटे भंगारात दे, कोणाला देऊ नकोस.

लोभ मागायची माझी पायरी नाही, पण मागायचा सोडत नाही.

तुझा,
बारकू


३० एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

तुम्ही सांगितलंत तसं दादाला लिहिलं. त्यात तुमचं नाव नाही. जे लिहिलं ते खरंही आहे. फक्त अर्धं आहे.

तुमचं पहिलं पत्र मी फाडलं नव्हतं. बापाने पहिल्यांदा काही मागितलं होतं, म्हणून जपून ठेवलं होतं. ते आणि हे दुसरं, दोन्ही पाकिटात परत पाठवतो आहे. ती इथे राहिली तर एखाद्या वाईट दिवशी मी दादाला पाठवून देईन, आणि माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही. मला भाऊ तुटल्याचं किती लागलं आहे हे मी पाटीवर लिहूनही तुम्हाला कळवू शकणार नाही. तुम्ही लिहिलंत की मला सवय आहे. नाही, बाबा. या वर्षी त्याने मला ये म्हणून लिहिलं होतं.

पत्रं पेटवायची की दादाच्या हातात द्यायची, ते तुम्ही ठरवा. शिट्टी तुमच्या गळ्यात आहे. तुम्ही दिल्याशिवाय मी लिव्हरला हात लावणार नाही.

पायाची काळजी घ्या. जखम ओली ठेवू नका.

तुमचा,
बारकू


२ जून

बारकू,

पंजा पोचला, याची पोच देतो. त्याच मेकॅनिकने एका दुपारी बसवला. मापं बरोबर होती. वाट दहा दिवसांत मोकळी झाली. लॉरी महिनाभर उशिरा आत आली, थोडं फळ गळून गेलं, बरंच वाचलं. पंजा ओझं सोडत नाही. जाड फांदी धरून मी खड्ड्यातून गेलो तरी हलली नाही. प्रत्येक वेळी ते बघताना मला काय वाटतं हे तुला सांगायची गरज नाही.

बाबा घरी आले. चाकांची खुर्ची शेडच्या पत्र्याखाली असते. शिट्टी गळ्यात असते. त्यांची गरज नाही, तरी मी फांदी धरली की त्यांच्याकडे बघतो, ते एक शिट्टी देतात, मग उचलतो. यात वेळ जातो. जाऊ दे.

सगळा पाला आणि फांद्या मोकळ्या जागेत रचून परवा ढीग पेटवले. पहिला ढीग मीच पेटवणार असा त्यांनी हट्ट धरला. खुर्ची ढकलत नेली. पाला ओलसर होता, काड्या विझत होत्या. मी जुनी रद्दी आणायला निघालो, तर त्यांनी मला थांबवलं, आतल्या खिशातून कसलेसे घडी घातलेले कागद काढले आणि ते पेटवून खाली सरकवले. कसले म्हणून पाटीवर विचारलं, तर म्हणाले जुने आहेत, आता कोणाच्या कामाचे नाहीत. ढीग चांगला धडधडून पेटला. त्या रात्री ते दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले आणि सकाळपर्यंत झोपले.

तुझं नाव घरात मी काढत नाही. वहिनी काढते. तेव्हा बाबा म्हणतात की झालं गेलं विसरा, बारकू लहानपणापासून असाच, मनात धरून ठेवणारा, त्याला माफ करा. पाय त्यांचा गेला आणि माफ करा तेच म्हणतात. एवढं मोठं मन मला नाही.

काटे भंगारात दिले. सीटवर बस म्हणून लिहिलं होतं, ते रद्द समज. वहिनीने तुझी खुशाली विचारायला सांगितली आहे, म्हणून विचारली. तिला उत्तर लिहायचं असेल तर लिही. पाकिटावर माझं नाव घालू नकोस. पत्रं अजून बाबाच आधी उघडतात.

दादा